हळद हुती का भंडारा

म्हातारे वकील कॅमेऱ्यासमोर बसले की आधी वर पंख्याकडं बघत्यात. पंखा आमी बंद केलेला असतो, न्हाईतर आवाजात घरघर येती. मग त्यांना घाम फुटतो, मग कोट काढू का म्हणत्यात, आन भार्गवी मॅडम म्हणत्यात, "असू दे सर, कोटात छान दिसताय." त्या कोटाच्या कॉलरला माईक लावायचं काम माझं. माईक लावताना माणूस लय कळतो. कोण अंग चोरतो, कोण माझ्याकडं न बघताच मान वर करतो, न्हाव्यापुढं बसल्यागत.

मी शिवांजली. आमची वाडी कुंडलच्या पुढं, उसातनं रस्ता आत जातो तिकडं. शाळा मी दहावीत सोडली. वर्गातली एक पोरगी मला 'चोराची लेक' म्हणली, मी तिच्या डोक्यात कंपासपेटी घातली. हेडमास्तर म्हणले माफी माग. मी दप्तर उचललं आन घरी आले, परत गेलेच न्हाई. तवापासनं धुळादादासंगं लग्नाच्या शूटिंगला जाते. धुळादादा माझा चुलतभाऊ, कॅमेरे त्याचे, शिव्या पण त्याच्याच.

औंदा त्याला सांगलीच्या एका लॉ कॉलेजचं काम मिळालं. कॉलेज जुनं. तिथनं शिकून गेलेली माणसं आता एकेक करून मरायला लागल्यात, तर ती हायत तवर त्यांच्या तोंडून कॉलेजचा इतिहास रेकॉर्ड करून ठेवायचा, असं त्यांचं ठरलं. भार्गवी मॅडम तिथं शिकवत्यात. प्रश्न त्या इचारणार, आमी शूट करणार. शेवटचा प्रश्न सगळ्यांना एकच, "कॉलेजची सगळ्यात गमतीदार आठवण?" त्यावर कुणी कॅन्टीनच्या भज्यांचं सांगायचं, कुणी मास्तरच्या टोपीचं. मी मागं उभी राहून जांभया द्यायचे.

विश्रामबागेत सुमंत वकिलांची मुलाखत लागली. गोरा, गोलमटोल माणूस, दर वाक्याला स्वतःच हसणारा. शेवटचा प्रश्न आला तसा खुर्चीत पुढं सरकला.

"आम्ही शेवटच्या वर्षाला होतो. कॉलेजचं शिबिर होतं, खेड्यातल्या लोकांना कायदा समजावून सांगायचं. कुंडलच्या पुढं एक वाडी आहे, नाव विसरलो बघा. तिथं देवळापुढं आम्ही खोटं कोर्ट भरवलं. मी न्यायाधीश! गावात नुकताच बिरदेवाचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला होता. म्हटलं केस तीच घेऊ, लोकांना जवळची वाटेल. आरोपी पण गावातलाच घेतला. सोंगाड्या होता एक, काय काम करायचा!"

"अरे वा," मॅडम म्हणल्या.

"आम्हाला शिकवायचं काय होतं, की पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, न्यायाधीशापुढं दिलेली चालते. तर त्या पठ्ठ्यानं माझ्यापुढं अशी कबुली दिली, अशी दिली, की बायका रडायला लागल्या. मी सक्तमजुरी ठोठावली. आणि गंमत म्हणजे मॅडम, गावाला ते खरंच वाटलं! सकाळी आमच्या गाडीजवळ म्हातारे येऊन विचारतायत, साहेब, ह्याला घेऊन कधी जाणार?"

मॅडम तोंडावर हात ठेवून हसल्या. सुमंत वकील चष्मा काढून डोळे पुसाय लागले. धुळादादा हसला न्हाई. त्यानं माझा दंड धरला, जोरात. त्याला ठावं हुतं मी काय करीन ते.

तो सोंगाड्या म्हंजे नाथाजी. आमचे आबा. माझा बाप.

"शपथ कशी घेतलीत मग? गीतेवर?" मॅडमनी इचारलं.

"गीता कुठली! विनोदिनी होती ना आमच्यात, वाईची, फार हुशार. ती म्हणाली, गावाच्या देवाचा भंडारा हातात देऊ, अस्सल वाटेल. तिनंच आणला. आता साताऱ्यात मोठी वकील आहे ती. तुमच्या यादीत असेलच."

हुती यादीत.

भंडारा म्हंजे तरी काय, हळदच. पण देवाच्या पायावर घातली की ती हळद राहत न्हाई. आमच्यात भंडारा उचलून कुणी खोटं बोलत न्हाई. बोललं तर देव घरातला दिवा नेतो, असं मानत्यात. आबांनी भंडारा उचलला, सगळ्या वाडीपुढं म्हणले, "मुखवटा मीच चोरला." त्यांना वाटलं सोंग हाय. आन खोट्या वकिलानं इचारलं की चोरीच्या दुसऱ्या दिवशी कुठं गेला हुतास, तर सोंगातच खरं बोलून गेले, "लोणंदला, शेळ्यांच्या बाजाराला." वाडी तवर हसत हुती. लोणंदला गेलेलं खरं हुतं, म्हंजे मुखवटा तिथंच इकला असणार, असं वाटून हसायची थांबली. पोरं गाडीत बसून सांगलीला गेली, वाडी आमच्यापाशी राहिली. पोलिसांपुढची कबुली चालत न्हाई, जजपुढची चालती, एवढा कायदा मातूर सगळे पक्का शिकले.

आबा सांगायचे, आवं, पोरीनं सोता सांगितलंय, ही किराणा दुकानातली हळद हाय. बिराप्पा पुजारी म्हणायचा, मी माझ्या हातानं तिला देवापुढचा भंडारा दिला. बिराप्पा मरस्तोवर तेच म्हणला. गावानं त्याचं ऐकलं. आबांना देवळाची पायरी बंद झाली, आमच्या घरचं पाणी लोकांनी सोडलं.

त्याचं आबांना एवढं न्हाई. चोर म्हणा न्हाईतर डाकू म्हणा. पण त्याच पावसात माझा मोठा भाऊ गेला. शिवतेज. मी बघितलेला न्हाई, माझ्या आधीचा. तापानं गेला, रांगायचं सोडून नुकता चालाय लागला हुता. लोक म्हणले, देवानं दिवा नेला. आबांनी ते मान्य केलं न्हाई. हळद हुती, म्हंजे देवाचा काय संबंध न्हाई, पोरगं तापानं गेलं. ह्या एका गोष्टीवर माझा बाप उभा हुता. पण सोंग त्यांनी परत कवाच केलं न्हाई.

सांगलीहून आल्यावर मी सगळं सांगितलं. आय भाकऱ्या थापत हुती, ती थांबली. आबा गोठ्यात वैरण घालत हुते.

"साताऱ्याला त्या बाईकडं जाणार हाय मी," मी म्हणलं. "तिच्या तोंडात मारू का काय करू सांगा."

"मारायचं काय न्हाई."

"मग पाया पडू?"

"शिवे, गप ऐक." आबा वैरण हातात धरून तसंच उभं हुते. "एकच इचार. हळद हुती का भंडारा. बाकी काय बोलू नगं. आन ती बोलेल तेच मला सांग."

आय चुलीपासनं म्हणली, "आन भंडारा म्हणली तर?"

आबांनी तिच्याकडं बघितलं बी न्हाई. वैरण म्हशीपुढं टाकली आन म्हणले, "नव्हता."

साताऱ्याला सदरबझारात विनोदिनी वकिलीणबाईंचं घर. मला वाटलेलं बाई शिष्ट असंल, म्हंजे भांडायला सोपं पडंल. तर दारातच माझ्या हातातली ट्रायपॉडची पिशवी घ्यायला पुढं आल्या. मला म्हणल्या, "कॅमेरा तू चालवतेस? छान. बायकांच्या हातात काहीतरी असलं पाहिजे बाई." मारहाण झालेल्या बायकांच्या केसेस चालवत्यात म्हणं, कितीतरी फुकट. आमी बसलेलो तवाच एक बाई कडेवर पोर घेऊन आली, तिला त्यांनी आत बसवलं, आधी दूध दिलं पोराला, मग आमच्याकडं आल्या. मला त्यांचा राग येईना. त्याचाच मला लय राग आला.

मी माईक लावला. मान चोरली न्हाई त्यांनी. माझ्याकडं बघून हसल्या.

मुलाखत चांगली चालली. वाईहून एसटीनं कशा आल्या, वर्गात तीनच मुली, बाप वकिलीला नको म्हणायचा. मी ठरवलं हुतं, मुलाखत संपली की शांतपणानं एकच इचारायचं. पण शेवटचा प्रश्न मॅडमनी टाकला आन मला काय इचारायलाच लागलं न्हाई.

"सुमंत सरांनी शिबिराचं सांगितलं," मॅडम म्हणल्या. "भंडाऱ्याची आयडिया तुमची म्हणे?"

"अगं बाई, सांगितलं का त्यानं?" त्या खळखळून हसल्या. "हो, माझीच. पुजाऱ्याकडून देवापुढचा खरा भंडारा पेपरच्या पुडीत घेतला मी. पण तो आरोपी झालेला माणूस, मला माहीत होतं, तो कळलं तर हात लावायचा नाही. म्हणून त्याला म्हटलं, भाऊ, किराणा दुकानातली हळद आहे हो, बिनधास्त उचला. आणि त्यानं उचलला! काय अभिनय केला त्यानं! आमच्या कॉलेजच्या इतिहासातलं सगळ्यात यशस्वी कोर्ट म्हणायला हरकत नाही."

मॅडम हसत हुत्या. मी कानातला हेडफोन काढला आन जमिनीवर आपटला.

"तो माणूस माझा बाप हाय."

"शिवे!" धुळादादा म्हणला.

"तू गप रं! व्हय बाई, माझा बाप. अजून बी चोरच हाय तो गावात. तुमचं कोर्ट उठलंच न्हाई आमच्याकडनं. त्या पावसात त्यांचं पोर मेलं. ते म्हणत्यात हळद हुती, म्हणून पोर त्यांच्यामुळं मेलं न्हाई. आन तुमी खदाखदा हसताय?"

आत ते पोर दुधाचं रिकामं भांडं वाजवत हुतं. वकिलीणबाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला, मी बघत हुते, नजर काढली न्हाई. आधी त्यांना समजलं न्हाई, मग समजलं, मग त्यांनी हात कॉलरच्या माईकवर ठेवला.

"हे बंद करा," त्या धुळादादाला म्हणल्या. मग मला, "मला माहीत नव्हतं गं."

"परत आला असता तर कळलं असतं."

"आम्ही मुलं होतो."

"तो बी पंचवीस वर्साचाच हुता."

त्यांनी कॉलरचा माईक काढून टेबलावर ठेवला. मग म्हणल्या, "मी येते तुझ्या गावात. सगळ्यांसमोर सांगते, की मी त्याला फसवलं. त्याला माहीतच नव्हतं, म्हणजे त्यानं खोटी शपथ घेतलीच नाही. एवढं साधं आहे."

आन तवा मला कळलं की साधं न्हाई. बाई खरं बोलतीये. हे गावापुढं बोलली तर आबा चोर राहणार न्हाईत. पण भंडारा हुता, हे त्यांना त्याच तोंडून कळणार.

"तुमी यायचं न्हाई," मी म्हणलं. "कुणाला काय सांगायचं न्हाई. मॅडम, हे कॉलेजात दाखवायचं न्हाई. हे काढून टाका."

भार्गवी मॅडम पांढऱ्या पडल्या हुत्या. "काढून कसं टाकणार शिवांजली? मुलाखती जशा घेतल्या तशा जपून ठेवायच्या असतात. पण कुठं दाखवणार नाही, शब्द देते."

कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्याच हातात हुतं. कराडपर्यंत मी ते मुठीत धरून बसले हुते. गाडीत धुळादादा म्हणला, "फॉरमॅट कर जा, मी म्हणतो मशिनीत बिघडलं." मी केलं न्हाई. म्हणलं, आबा हायत तवर नको. पण आबा गेल्यावर हीच क्लिप गावाच्या तोंडावर फेकायची मला. आबांना पायरी बंद करणाऱ्या त्या गुंडातात्याच्या, त्या कंपासपेटीवालीच्या, सगळ्यांच्या. म्हणून ठेवलं. सांगलीत मॅडमच्या हातात दिलं.

घरी आले तवा आबा अंगणातच बसले हुते, मला बघून उठले न्हाईत. नुसतं बघितलं.

"हळद," मी म्हणलं. "बाई म्हणली, किराणा दुकानातली हळद हुती."

"असं म्हणली?"

"कॅमेऱ्यापुढं."

आबांनी मान हलवली. जेवताना भाकरी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी म्हशी धुताना मी बघितलं तर तोंडानं शेळ्यांच्या दलालाचा आवाज काढत हुते, "आरं ही शेळी न्हाई, ही लक्ष्मी हाय, दात बघ, दात!" आय हसून हसून बसली. मी ते पयल्यांदाच बघत हुते. माझा बाप खरंच लय भारी काम करतो. मी गोठ्याच्या आड उभी राहिले आन तोंड दाबून धरलं, हसू का रडू ते मला पण कळंना.

बिरदेवाच्या पालखीच्या सकाळी धुळादादा मोटरसायकलवर आला. गाडी उभी करायच्या आधीच ओरडला, "शिवे, फोन बघितला का?"

कॉलेजच्या पोरांनी रील केलं हुतं. कॉलेजच्या इतिहासातले गमतीदार किस्से, असं वर लिहिलेलं, खाली हसणारी तोंडं. मॅडमनी शब्द दिला हुता, पण कार्डं ज्या पोरांकडं हुती त्यांना कुणी काय सांगितलं न्हाई. त्यांनी मुलाखत शेवटपर्यंत बघितली बी न्हाई. बाई हसतीये, पुजाऱ्याकडून खरा भंडारा घेतला म्हणतीये, भाऊ, हळद आहे हो म्हणतीये, तेवढंच कापून लावलेलं. मागं ढोलकी. मी हेडफोन आपटला ते त्यात नव्हतं.

"गावात सगळ्यांकडं गेलंय," धुळादादा म्हणला. "काका कुठंयत?"

आबा दारात उभं हुते. त्यांच्या हातात आयचा फोन हुता. ढोलकी वाजत हुती.

मी फोन वढून घ्यायला धावले. त्यांनी दिला, सहज, जसा काय त्यांना नकोच हुता. तवर माणसं आलीच. पुढं गुंडातात्या, देवळाचे मानकरी, ह्यांनीच आबांना पायरी बंद केलेली. मागं पंचातली बाकीची, पोरंसोरं, बायका. ज्यांनी आमच्या अंगणात पाय ठेवला नव्हता ती माणसं चपला काढून आत आली.

"नाथाजी," तात्या म्हणले, "चुकलं रं गाव. तुला फशिवलं त्या पोरीनं. तुला ठावंच नव्हतं. मग कसली शपथ आन कसलं काय? आज पालखीचा पयला खांदा तुझा."

आय पदरानं डोळे पुसाय लागली. कुणीतरी आमच्याच तांब्यातलं पाणी मागून घेतलं आन सगळ्यांपुढं प्यालं, दिसावं म्हणून. तात्यांनी ताटलीतला भंडारा उचलून आबांच्या कपाळाला लावला. आबांनी लावून घेतला.

"तात्या," आबा म्हणले, "म्हंजे भंडाराच हुता."

"व्हय रं. पण तुला कुठं ठावं हुतं? तुझा दोष न्हाई."

"देवाला ठावं हुतं की."

तात्या हसल्यासारखं करून म्हणले, "चल, दुपारी ढोल वाजला की ये. वाट बघतो," आन माणसं आनंदानं बोलत माघारी गेली. लांबपर्यंत त्यांचं हसणं ऐकू येत हुतं. चोर नव्हता गड्या, खरंच नव्हता.

अंगणात आमी तिघंच राहिलो. आयनं ट्रंकेतनं धुतलेला फेटा काढला आन खाटेवर ठेवला. तिचं रडणं कुठल्या कशासाठी हुतं ते मला समजलं न्हाई, मी इचारलं पण न्हाई.

"तुला कवा कळलं?" आबांनी मला इचारलं.

"साताऱ्यात."

"मग हळद का म्हणलीस?"

मी कुणालाबी उलटं बोलते, हेडमास्तरला, वकिलाला. बापापुढं जीभ उचलंना. "तुमी हसावं म्हणून," मी म्हणलं शेवटी.

"हसलो की," आबा म्हणले. "लय हसलो." राग नव्हता त्यांच्या आवाजात. मला वाटलं हुतं मारतील. मारायला पायजे हुतं.

ते उठून बांधाकडं गेले. तिकडं आंब्याखाली शिवतेजला पुरलंय. मी मागनं गेले, तर हातानंच नको म्हणले. मी उसाच्या कडंला थांबले. ते आंब्याखाली उकिडवं बसले, पाठ माझ्याकडं. कपाळावरचा भंडारा घामानं डोळ्यात उतरला असणार, कारण ते सारखं बाहीनं डोळे पुसत हुते. का दुसऱ्या कशानं, मला सांगता येत न्हाई.

दुपारी ढोल सुरू झाला. आय फेटा घेऊन दारात आली. माझा फोन वाजला, भार्गवी मॅडमचा. रडत हुत्या. म्हणल्या, पोरांची चूक झाली, रील काढून टाकलंय, आन तुझे वडील तयार असतील तर त्यांची बाजू पण रेकॉर्ड करू, कॉलेजच्या इतिहासात ती पण असली पायजे. मी फोन कट केला.

ढोल वाजतच हुता. गुंडातात्यांनी आबांना बोलवायला पोरगं पाठवलं, मग आणि एक पाठवलं. आबांनी दोघांना बी मान हलवून माघारी लावलं. मग ढोलाची चाल बदलली. गावानं पालखी उचलली हुती.

"घरला चला," मी लांबनंच ओरडले.

आबांनी वळून बघितलं न्हाई. मी उभी राहिले, आन ऊन उतरलं तरी ते उठले न्हाईत.